वसंत सरला, धाक उरला

22 सप्टेंबर 1996 ला ग्रीसच्या संसदेची निवडणूक झाली. मतमोजणी आटोपली तेव्हा 'पोलितिकी आनिक्सी' या पक्षाच्या पदरात 2.94 टक्के मतं पडली होती. ग्रीसमध्ये संसदेत पाऊल ठेवायचं तर देशभरातून किमान 3 टक्के मतं लागतात. तेवढ्याशा फरकाने पक्षाचं संसदेतलं अस्तित्व पुसलं गेलं. 1999 च्या युरोपीय निवडणुकीत मतं आणखी घटली. 2000 ची संसदीय निवडणूक पक्षाने लढवलीच नाही. 2004 मध्ये संस्थापक आंदोनिस सामारास आपल्या जुन्या पक्षात परतले आणि दुकानाला कुलूप लागलं. उणीपुरी अकरा वर्षं.

पोलितिकी आनिक्सी म्हणजे राजकीय वसंत. पुढे मी त्याला 'वसंत'च म्हणेन. ज्या घरातून तो फुटला तो 'नेआ दिमोक्रातिया', म्हणजे नवी लोकशाही, हा ग्रीसमधला मोठा उजवा पक्ष. लष्करी राजवट कोसळल्यावर 1974 मध्ये कोन्स्तान्दिनोस करामान्लिस यांनी तो उभारला.

अशा लहान पक्षांकडे आपण मतांची टक्केवारी पाहून पाठ फिरवतो. किती जागा आल्या, किती गेल्या, कधी विलीन झाला, एवढ्यात त्याची नोंद संपते. वसंताच्या बाबतीत ही मोजपट्टी साफ अपुरी आहे, असं मला वाटतं. या पक्षाने इतर पक्षांच्या मनात जो धाक बसवला, तो पक्ष गेल्यावर पंधरा-वीस वर्षं टिकला. आणि त्या धाकाचं खापर फुटून गेलेल्यांच्या डोक्यावर फोडून भागत नाही. ज्या मोठ्या पक्षाने आतल्या खोलीत एक आणि मैदानात दुसरं बोलायची सवय लावून घेतली, त्याचा दोष मला जास्त वाटतो.

वसंताला जन्म देणारा वाद एका नावाचा होता. युगोस्लाविया मोडला तेव्हा त्याचं दक्षिणेकडचं प्रजासत्ताक 8 सप्टेंबर 1991 च्या सार्वमतानंतर स्वतंत्र झालं आणि 'मॅसिडोनिया' याच नावाने जगासमोर उभं राहिलं. लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. पण मॅसिडोनिया हे ग्रीसच्या उत्तर भागाचंही नाव आहे. थेस्सलोनिकी हे त्याचं मुख्य शहर. शेजाऱ्याने हे नाव घेतलं म्हणजे उद्या आपल्या जमिनीवर हक्क सांगणार, अशी भीती ग्रीसमध्ये पसरली. 1992 च्या ऑगस्टमध्ये नव्या देशाने झेंड्यावर सोळा किरणांचा सूर्य घेतला, तेव्हा आगीत तेल पडलं. हा सूर्य 1977 मध्ये ग्रीसमधल्या व्हेर्गिना इथल्या राजकुळाच्या थडग्यात पुरातत्त्वज्ञ मानोलिस आंद्रोनिकोस यांना सोन्याच्या पेटीवर सापडला होता.

बाहेरून पाहणाऱ्याला हे पोरकट वाटतं. त्या वेळी युरोपातल्या कित्येक मुत्सद्द्यांना ते तसंच वाटत होतं. मला तसं वाटत नाही. बाल्कन युद्धांत, 1912-13 मध्ये, ऑटोमन मॅसिडोनियाची वाटणी ग्रीस, सर्बिया आणि बल्गेरियात झाली. तुर्कस्तानाशी लोकसंख्येची अदलाबदल झाली तेव्हा आशिया मायनरमधून आलेले लाखो निर्वासित याच उत्तर ग्रीसमध्ये वसवले गेले. 1946 ते 1949 चं यादवी युद्ध याच डोंगरांत लढलं गेलं. जिथे प्रत्येक पिढीने घर सोडून पळणारी माणसं पाहिली आहेत, तिथे सीमेपलीकडे छापलेल्या नकाशाची धास्ती वाटणारच. मात्र दुसऱ्या बाजूलाही माणसं होती. आपल्याला, आपल्या भाषेला आणि आपल्या देशाला काय म्हणायचं हे शेजाऱ्याने का ठरवावं, हा त्यांचा प्रश्न तितकाच खरा होता. आपला कुठल्याही शेजाऱ्याच्या भूमीवर दावा नाही, अशी दुरुस्ती त्यांनी जानेवारी 1992 मध्ये आपल्या राज्यघटनेत करून टाकली होती.

सामारास त्या वेळी ग्रीसचे परराष्ट्रमंत्री होते. वय चाळीस-एक्केचाळीस. अमेरिकेत शिकलेले, 1977 पासून मेसिनियाचे खासदार, पक्षाच्या वाढत्या ताऱ्यांपैकी एक. त्यांच्या घराण्याचा एक धागा इथे सांगायलाच हवा. पिनेलोपी डेल्टा या ग्रीसच्या लाडक्या बालसाहित्यकार, सामारास हे त्यांचे पणतू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅसिडोनियासाठी ग्रीक आणि बल्गेरियन टोळ्यांत जो झगडा झाला, त्यावर डेल्टा यांनी मुलांसाठी कादंबरी लिहिली आणि ग्रीसच्या कित्येक पिढ्या ती वाचत वाढल्या. एप्रिल 1941 मध्ये जर्मन फौजा अथेन्समध्ये शिरल्या त्याच दिवशी त्यांनी विष घेतलं. अशा घरात वाढलेल्या माणसाला मॅसिडोनिया हा शब्द नुसत्या फायलीतला विषय वाटणं शक्य नव्हतं. सामारास यांनी हा प्रश्न केवळ महत्त्वाकांक्षेपोटी पेटवला, असं त्यांचे विरोधक म्हणत आले. महत्त्वाकांक्षा होतीच, पण भावना खोटी होती असं मी म्हणणार नाही.

डिसेंबर 1991 मध्ये युरोपीय समुदायाच्या बैठकीत सामारास यांनी एक मोठी गोष्ट पदरात पाडून घेतली. युगोस्लावियातून फुटणाऱ्या कुठल्याही राष्ट्राला मान्यता हवी असेल, तर त्याने समुदायातल्या शेजाऱ्याच्या भूमीवर दावा सांगू नये आणि असा दावा सूचित करणारं नावही वापरू नये, अशी अट बारा देशांनी घातली. ग्रीसने याचा अर्थ लावला तो असा: 'मॅसिडोनिया' हा शब्द नावात कुठेही नको. युरोपातल्या बाकीच्यांनी लावलेला अर्थ बराच सैल होता. पुढची सगळी शोकांतिका या दोन अर्थांमधल्या फटीत घडली.

14 फेब्रुवारी 1992 ला थेस्सलोनिकीत लाखोंचा मोर्चा निघाला. 'मॅसिडोनिया ग्रीक आहे' ही एकच घोषणा. एप्रिलच्या सुरुवातीला पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री जुआंव पिन्येइरो यांनी तोडगा मांडला, कारण समुदायाचं अध्यक्षपद तेव्हा पोर्तुगालकडे होतं. सीमांची हमी देणारा करार, वैरभावाचा प्रचार थांबवण्याची ग्वाही, आणि नाव 'नवा मॅसिडोनिया'. पंतप्रधान कोन्स्तान्दिनोस मित्सोताकिस यांचा कल कुठल्यातरी तडजोडीकडे आहे हे जवळच्यांना ठाऊक होतं. सामारास यांना ती मान्य नव्हती.

13 एप्रिल 1992 ला अथेन्समध्ये राष्ट्राध्यक्ष करामान्लिस यांच्या अध्यक्षतेखाली सर्व पक्षनेत्यांची बैठक भरली. हा दिवस मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी मित्सोताकिस यांनी सामारास यांना परराष्ट्रमंत्रिपदावरून काढलं आणि ते खातं स्वतःकडे घेतलं. आणि त्याच बैठकीने जाहीर केलं की ज्यात मॅसिडोनिया हा शब्द आहे असं कुठलंही नाव ग्रीस मान्य करणार नाही. कम्युनिस्ट नेत्या अलेका पापारिगा यांनी तेवढा विरोध नोंदवला. बाकी सगळे एकमुखी.

म्हणजे माणूस काढला आणि त्याची भूमिका ठेवली. पंतप्रधानांना वाटत होतं की ही भूमिका जगात टिकणार नाही. तसं त्यांनी उघडपणे देशाला सांगितलं असतं तर मते गेली असती, कदाचित सरकारही गेलं असतं. सरकार तसंही गेलंच. पण मतदाराला निदान दोन बाजू ऐकायला मिळाल्या असत्या. त्याऐवजी सगळ्यांनी एकच घोषणा दिली, आणि एकाच घोषणेच्या स्पर्धेत जो सगळ्यात मोठ्याने ओरडतो तोच खरा ठरतो. सामारास यांच्यासाठी रस्ता मोकळा करून दिला तो याच बैठकीने. आता त्यांना एवढंच म्हणायचं होतं की तुम्ही सगळे जे बोलता ते मी मनापासून बोलतो.

एप्रिल 1993 मध्ये नव्या देशाला संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला तो 'पूर्वीचं युगोस्लाव प्रजासत्ताक मॅसिडोनिया' या तात्पुरत्या नावाने. मॅसिडोनिया हा शब्द आत आलाच होता. 30 जून 1993 ला सामारास यांनी वसंताची घोषणा केली. मित्सोताकिस यांचं बहुमत 300 च्या सभागृहात एक-दोन खासदारांवर तरलेलं होतं. सप्टेंबरमध्ये सामारास यांच्या बाजूचे खासदार सरकारपासून दूर झाले आणि बहुमत संपलं. आपल्याला पाडण्यामागे नावापेक्षा खाजगीकरणाने, विशेषतः सरकारी टेलिफोन कंपनीच्या विक्रीने, दुखावलेले हितसंबंध होते, असं मित्सोताकिस पुढे कायम म्हणत राहिले. 10 ऑक्टोबरला निवडणूक झाली. अँद्रेआस पापान्द्रेऊ यांच्या समाजवादी 'पासोक'ला 170 जागा, नव्या लोकशाहीला 111, वसंताला 4.88 टक्के मतं आणि 10 जागा. तीन महिन्यांच्या पक्षाने कम्युनिस्टांना मागे टाकून तिसरा क्रमांक घेतला. आठ महिन्यांनी युरोपीय निवडणुकीत तर मतं साडेआठ टक्क्यांच्या वर गेली.

मित्सोताकिस यांना या फुटीचा जो चटका बसला असेल, त्याची कल्पना करताना 1965 चा जुलै आठवतो. तेव्हा पंतप्रधान जॉर्ज पापान्द्रेऊ यांच्या 'केंद्र संघ' पक्षातून जे फुटले, त्यांत मित्सोताकिस आघाडीवर होते. ग्रीक राजकारणात त्या घटनेला 'अपोस्तासिया' म्हणतात. हा शब्द मुळात धर्म सोडणाऱ्यासाठी वापरतात, इतका तो जिव्हारी लागणारा आहे. त्यानंतर सरकारं अस्थिर झाली आणि 21 एप्रिल 1967 ला सैन्याने सत्ता बळकावली. 'धर्मबुडवा' हा शिक्का मित्सोताकिस यांना 2017 मध्ये मरेपर्यंत चिकटून राहिला. 1977 मध्ये त्यांनीही एक चिमुकला पक्ष काढला होता, 'नवे उदारमतवादी' नावाचा. दोन जागा मिळाल्या. दुसऱ्या वर्षी ते नव्या लोकशाहीत दाखल झाले आणि सात वर्षांत तिचे अध्यक्ष झाले. म्हणजे ज्या मोठ्या पक्षाला फुटिरांनी पाडलं, त्याच्या शिखरावर एका फुटलेल्या लहान पक्षाचाच संस्थापक बसला होता.

इथे आपल्याकडच्या वाचकाच्या मनात प्रश्न येणं साहजिक आहे: तिथे पक्षांतरबंदी कायदा नाही का? नाही. ग्रीसच्या 1975 च्या राज्यघटनेचं कलम 60 सांगतं की खासदाराला मत मांडण्याचं आणि सदसद्विवेकाने मतदान करण्याचं अनिर्बंध स्वातंत्र्य आहे. पक्ष त्याला हाकलू शकतो, पण त्याची जागा काढून घेऊ शकत नाही. आपण 1985 मध्ये दहावी अनुसूची आणून नेमका उलटा मार्ग धरला. आणि त्या अनुसूचीच्या छत्राखालीच महाराष्ट्राने 2022 आणि 2023 मध्ये दोन मोठे पक्ष दुभंगताना पाहिले. एकट्यादुकट्या खासदाराचं तोंड बंद करून फुटी थांबत नाहीत, फक्त ठोक भावाने होतात.

म्हणून सामारास यांच्या फुटीने सरकार पडलं एवढ्यावरून 'असं स्वातंत्र्य देणं घातक' हा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. सरकार पडणं हे लोकशाहीत संकट नसतं. त्या स्वातंत्र्याचा उपयोग कशासाठी झाला, हा माझा आक्षेप आहे. अर्थव्यवस्था, कर, पेन्शन, युरोपातलं स्थान, यांतल्या एखाद्या प्रश्नावर वसंताने नव्या लोकशाहीपेक्षा वेगळी आणि टिकाऊ वाट दाखवली असती, तर 1996 मध्ये तिला टिकवायला लोक आले असते. त्याऐवजी सामारास यांनी एका जखमेवर पक्ष उभा केला. मार्च 1992 मध्ये ही जखम भळभळत होती. सप्टेंबर 1995 मध्ये न्यूयॉर्कला हंगामी करार झाला, शेजाऱ्याने झेंड्यावरचा सूर्य काढला, ग्रीसने लादलेली व्यापारबंदी उठली आणि नावाची चर्चा संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थाकडे गेली. वर्षभरात मतदार घरी गेला. 2.94.

याच संदर्भात एक दुसरा लहान उजवा पक्ष आठवतो आणि त्याच्याबद्दल मला आदर आहे. 1985 च्या पराभवानंतर मित्सोताकिस नव्या लोकशाहीचे पुन्हा अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्याशी हरलेले कोस्तिस स्तेफानोपुलोस काही सहकाऱ्यांसह बाहेर पडले आणि त्यांनी 'लोकशाही नूतनीकरण' पक्ष काढला. तो कधीच बाळसं धरू शकला नाही. 1990 मध्ये एक टक्क्याहून कमी मतांवर एकच खासदार आला. नव्या लोकशाहीला 300 पैकी नेमक्या 150 जागा मिळाल्या होत्या. या एका खासदाराने मित्सोताकिस यांना पाठिंबा दिला आणि 151 झाले. ज्यांच्यावर रागावून पक्ष निघाला, त्यांचंच सरकार पक्षाच्या एकुलत्या एका माणसाने उभं केलं. 1994 च्या युरोपीय निवडणुकीत तीन टक्क्यांचा उंबरठा हुकला आणि स्तेफानोपुलोस यांनी पक्ष विसर्जित केला. कुणावर दोषारोप नाही, कुठल्या मोठ्या पक्षाशी सौदा नाही. राजकारणातून ते बाजूला झाले.

वर्षही उलटलं नाही. राष्ट्राध्यक्षाची निवड संसदेने करायची होती, पहिल्या दोन फेऱ्यांत 200 आणि तिसऱ्या फेरीत 180 मतं हवी होती. ती न मिळाली तर त्या वेळच्या घटनेप्रमाणे संसदच बरखास्त व्हायची. पासोककडे तेवढी मतं नव्हती. वसंताच्या सामारास यांनी नाव सुचवलं ते स्तेफानोपुलोस यांचं. पासोकने ते उचललं. 8 मार्च 1995 ला 181 मतांनी ते निवडून आले. दोन मृत्यूपंथाला लागलेल्या लहान पक्षांनी मिळून देशाला एक राष्ट्राध्यक्ष दिला, आणि तो ग्रीसच्या अलीकडच्या काळातल्या सर्वांत आदरणीय राष्ट्राध्यक्षांपैकी एक ठरला. 2000 मध्ये त्यांची फेरनिवड झाली तेव्हा 269 मतं पडली. त्यांत नवी लोकशाहीही होती.

वसंताच्या खात्यावर जमेची बाजू लिहायची तर माझ्या मते ही एक. विरोधी बाकांवरच्या दहा माणसांनी समाजवादी सरकारला मुदतपूर्व निवडणुकीत ढकलायची संधी हाती असताना ती घेतली नाही. पक्षाच्या गणिताने पाहिलं तर तो तोट्याचा सौदा होता, आणि तरी तो केला गेला.

पुढचा भाग मात्र माझ्या मनाला बोचतो. सामारास 2004 मध्ये परतले, युरोपीय संसदेत गेले, 2007 मध्ये पुन्हा मेसिनियातून निवडून आले, 2009 मध्ये सांस्कृतिक मंत्री म्हणून त्यांच्या कारकिर्दीत अॅक्रोपोलिस संग्रहालयाचं उद्घाटन झालं. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये नवी लोकशाही दणकून हरली. 29 नोव्हेंबरला पक्षाचा अध्यक्ष निवडायला पहिल्यांदाच सामान्य सभासद आणि समर्थकांनी मतदान केलं. समोर उमेदवार होत्या दोरा बाकोयान्नी, मित्सोताकिस यांच्या कन्या आणि मावळत्या परराष्ट्रमंत्री. सामारास निम्म्याहून जास्त मतं घेऊन जिंकले. ज्या पक्षाचं सरकार त्यांनी सोळा वर्षांपूर्वी पाडलं, त्याच पक्षाच्या कार्यकर्त्यांनी पाडलेल्या पंतप्रधानांच्या मुलीला बाजूला सारून त्यांना डोक्यावर घेतलं.

यातून काय दिसतं? कार्यकर्त्याच्या मनात 1993 चा खरा गुन्हेगार सामारास नव्हतेच. 13 एप्रिल 1992 च्या बैठकीने त्याला सांगून ठेवलं होतं की सामारास यांची भूमिका बरोबर आहे. त्याने तेवढं लक्षात ठेवलं. पक्षाने जे तोंडदेखलं म्हटलं ते कार्यकर्त्याने खरं मानलं, आणि एका पिढीनंतर मतपेटीतून ते पक्षाकडे परत आलं. वसंताचे इतरही लोक असेच घरी आले. एके काळी वसंतात असलेले निकितास काक्लामानिस पुढे नव्या लोकशाहीकडून आरोग्यमंत्री, मग अथेन्सचे महापौर झाले आणि 2025 मध्ये संसदेचे सभापती. पक्ष मेला म्हणायचं कशाला?

आणि मग तीच कथा उलट्या बाजूने. कर्जसंकटात, मे 2010 मध्ये, पहिल्या आर्थिक मदतीच्या कराराला सामारास यांनी विरोध केला. बाकोयान्नी यांनी सदसद्विवेकाने बाजूने मत दिलं. सामारास यांनी त्यांना पक्षातून काढलं. त्यांनी 'लोकशाही युती' नावाचा लहान पक्ष काढला, मे 2012 मध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास अडकल्या, आणि त्याच महिन्यात घरी परतल्या. जून 2012 मध्ये सामारास पंतप्रधान झाले आणि ज्या मार्गाला विरोध केला होता तोच त्यांना धरावा लागला. कर्जाच्या प्रश्नावर बाकोयान्नी यांचं मत बरोबर ठरलं, हे माझं मत. त्यांना शिक्षा करणारा माणूस स्वतः त्याच हक्कावर मोठा झालेला होता, हे विसरता येत नाही.

180 हा आकडाही परत आला. डिसेंबर 2014 मध्ये सामारास यांचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार स्ताव्रोस दिमास यांना तिसऱ्या फेरीत 168 मतं पडली. संसद बरखास्त झाली. जानेवारी 2015 मध्ये अॅलेक्सिस त्सिप्रास यांचा 'सिरिझा' सत्तेवर आला. सिरिझाचं मूळ असलेला 'सिनास्पिस्मोस' हा डावा पक्ष 1993 मध्ये तीन टक्क्यांच्या आतच गारद झाला होता. त्याचा आकडा होता 2.94. नेमका तोच.

आता नावाकडे. 17 जून 2018 ला प्रेस्पा तलावाकाठी प्साराडेस गावात दोन्ही देशांचा करार झाला. नाव ठरलं 'उत्तर मॅसिडोनिया'. सव्वीस वर्षांपूर्वी पिन्येइरो यांनी मांडलेल्या 'नव्या'च्या जागी 'उत्तर' आलं, एवढाच शब्दांतला फरक. मधल्या काळात ग्रीसने एका गरीब शेजाऱ्याची व्यापारबंदी केली. 2008 मध्ये बुखारेस्टला त्याचा नाटो प्रवेश अडवला. त्याबद्दल 2011 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ग्रीसने करार मोडल्याचा निकाल दिला. 'उत्तर'मध्ये ग्रीसला जास्त मिळालं हे खरं आहे. नाव देशांतर्गतही वापरायचं, राज्यघटना बदलायची, प्राचीन मॅसिडोनियाच्या वारशावरचा दावा सोडायचा, हे सगळं या करारात आहे. पण एवढ्या सुधारणेसाठी एक अख्खी पिढी द्यावी लागली, आणि 1992 च्या तोडग्यावरून पुढे हेच मागता आलं नसतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

25 जानेवारी 2019 ला ग्रीक संसदेने 153 मतांनी करार संमत केला. सिरिझाकडे तेव्हा 145 खासदार होते. उरलेली आठ मतं इतर बाकांवरून आली. सरकारमधला भागीदार, 'स्वतंत्र ग्रीक' हा आणखी एक फुटीर उजवा पक्ष, याच प्रश्नावर आधीच बाहेर पडला होता. 'पोतामी' या छोट्या मध्यममार्गी पक्षातल्या काहींनी बाजूने मत दिलं आणि त्यांचा पक्ष त्यानंतर काही महिन्यांत संपला. ज्या कलम 60 च्या हक्काने 1993 मध्ये सरकार पडलं, त्याच हक्काने 2019 मध्ये जुना प्रश्न सुटला. पक्षांतरबंदीचा कायदा ग्रीसमध्ये असता तर पहिली गोष्ट कदाचित टळली असती. दुसरी होणं मात्र फार अवघड झालं असतं. हे आठ जण मते गमावणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सामारास यांच्या मागे 1993 मध्ये लाखोंचे मोर्चे होते, यांच्या विरोधात होते. फुटण्यातला हा फरक कुठल्याच कायद्याला पकडता येणार नाही, तो वाचकाने आणि मतदारानेच करायला हवा.

नव्या लोकशाहीने काय केलं? तिचे नेते आता मित्सोताकिस यांचे पुत्र किरियाकोस होते. ज्या तडजोडीकडे वडिलांचा कल होता, तिच्या विरोधात मुलाने मतदान केलं. काही महिन्यांत, जुलै 2019 मध्ये, ते पंतप्रधान झाले आणि त्यांनी करार जसाच्या तसा पाळला, कारण तो पाळण्यातच ग्रीसचं हित होतं. विरोधात असताना हे त्यांना कळत नव्हतं, असं मानणं मला जड जातं. पुन्हा तेच. आतल्या खोलीत एक, मैदानात दुसरं.

नोव्हेंबर 2024 मध्ये किरियाकोस यांनी सामारास यांना पक्षातून काढून टाकलं, कारण त्यांनी सरकारच्या परराष्ट्र धोरणावर, विशेषतः तुर्कस्तानाबाबतच्या, जाहीर टीका केली होती. वडिलांनी 1992 मध्ये मंत्रिमंडळातून काढलं होतं, मुलाने पक्षातून काढलं. पण या वेळीही माणूस गेला आणि धाक जागेवर राहिला. प्रेस्पा करारासोबत दोन देशांमध्ये सहकार्याचे तीन पूरक मसुदे ठरले होते. ते नुसते संसदेपुढे ठेवून मंजूर करून घ्यायचे होते. सरकारकडे स्वतःचं भक्कम बहुमत होतं, मूळ कराराला आव्हान देण्याचा विचारही नव्हता. तरी 2019 नंतर वर्षामागून वर्ष गेलं, उत्तर मॅसिडोनियाच्या राजधानीतून, स्कोप्येहून, आठवणी आल्या, युरोपातून विचारणा झाली, आणि ते तीन मसुदे मतदानाला आलेच नाहीत. आपल्याच बाकांवरचे लोक काय म्हणतील, ही चिंता होती. ज्या पक्षाला 1996 मध्ये शंभरातल्या तिघांनीही मत दिलं नव्हतं, त्याच्या भुताला 158 खासदारांचं सरकार घाबरत होतं.